वारसाचा प्रश्न आणि आपली ऐतिहासिक कादंबरी

२०२५ साली ‘छावा’ चित्रपट आला आणि शिवाजी सावंतांची १९७९ सालची कादंबरी विद्यार्थ्यांच्या हाती पुन्हा दिसू लागली. आम्हा मराठी शिकवणाऱ्यांना याचा आनंदच आहे. मात्र १६८० च्या वारसा-कलहाचे कारण वर्गात विचारले की उत्तर ठरलेले असते: सोयराबाईंचा सवतीमत्सर.

एवढ्या मोठ्या राजकीय पेचाची उकल एका स्त्रीच्या स्वभावात शोधावी, हे आम्हांस पटत नाही. युवराज दीड वर्षापूर्वी दिलेरखानाला जाऊन मिळाले होते, मग परतले. दहा वर्षांच्या राजारामाला गादीवर बसवणाऱ्या कारभाऱ्यांना खरीखुरी भीती वाटली नसेल काय? उलट, सोयराबाईंचे बंधू हंबीरराव मोहिते भाच्याला सोडून संभाजीराजांच्या बाजूस गेले. विद्यार्थी याला ‘स्वामिनिष्ठा’ म्हणतात. पण दोघेही स्वामीचेच पुत्र होते! निष्ठा कोणाशी, हाच तर प्रश्न होता. खलनायिका हाती लागली की तो प्रश्न वाचकाच्या मनात उरत नाही.

खरा कस लागतो तो पुढच्या पेचात. १६८९ मध्ये संभाजीराजांची हत्या झाली. त्यांचा पुत्र शाहू लहान, म्हणून येसूबाईंच्या संमतीने राजाराम पुढे आले. ते १७०० मध्ये वारल्यावर ताराबाईंनी आपल्या पुत्राला गादीवर बसवले, औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली. आणि १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटलेला शाहू हक्क सांगत आला. यात दुष्ट कोण?

अँग्लो-सॅक्सन इंग्लंडात हेच घडले होते. डेन लोकांशी युद्ध चालू असताना, ८७१ मध्ये, थोरल्या भावाचे पुत्र अज्ञान म्हणून आल्फ्रेड राजा झाला. ८९९ मध्ये तो वारताच पुतण्या एथेलवोल्डने बंड केले. त्या काळावरील बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या कादंबऱ्यांतही हा पुतण्या बराचसा उथळ, व्यसनी रंगवला आहे. म्हणजे हा मोह आपल्याच लेखकांना होतो असे नाही. परंतु त्यांचा निवेदक उट्रेड जन्माने सॅक्सन आणि डेनांच्या घरात वाढलेला. शत्रूविषयीची त्याची माया लेखक लपवीत नाही.

शाहूची अठरा वर्षे मोगलांकडे गेली. १६९५ ते १६९९ या काळात बादशाही छावणीचे मुख्य ठाणे आमच्याच जिल्ह्यात, मंगळवेढ्याजवळ भीमाकाठी ब्रह्मपुरीस होते. आज तेथे सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांना माचणूरचे सिद्धेश्वराचे देऊळ ठाऊक असते. ज्याच्या ताब्यात आपण वाढलो त्या वृद्ध बादशहाविषयी त्या मुलाला काय वाटत असेल, हे मात्र त्यांना कोणी विचारलेले नसते. कादंबरीकाराने विचारायला हवे.

यंदा आम्ही स्वाध्याय दिला: १७०७, खेडच्या लढाईची आदली रात्र, ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव यांचे स्वगत. इतिहासात धनाजी शाहूकडे गेले. निम्म्या उत्तरांत ते गेलेच नाहीत. आम्ही ती उत्तरे चूक धरली नाहीत.