चिपचे कुलूप आणि मतदाराचा विश्वास

निवडणूक आली की आपल्या मंडळींच्या गप्पांत मतदान यंत्राचा विषय निघतोच. कोणी म्हणतो यंत्रात गडबड आहे, कोणी म्हणतो हरणाऱ्यांची ही जुनीच सबब आहे. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात यंत्राच्या आतली चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, मात्र क्वचितच येते. खरा प्रश्न तिथेच आहे.

या चिपमध्ये यंत्राने काय करायचे याचा प्रोग्राम भरलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. तो कोणी वाचला तर त्याची नक्कल होऊ शकते आणि बदलला तर यंत्र भलतेच काम करू शकते. म्हणून कारखान्यातच त्याला कुलूप लावतात. अनेक साध्या चिपमध्ये हे कुलूप काढायला गेले, तर आतला प्रोग्रामच आधी पुसला जातो. आपल्या एटीएम कार्डाचे उदाहरण घ्या. जुन्या काळ्या पट्टीची नक्कल सहज होत असे, म्हणून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत चिपची कार्डे देण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते.

आपली मतदान यंत्रे बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल या दोन सरकारी कंपन्या बनवतात. चिपमधला प्रोग्राम एकदाच लिहिला जातो, नंतर बदलता येत नाही, असे निवडणूक आयोग सांगतो. तरी २०१० मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद, अमेरिकेचे अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रोप गोंग्रिप यांनी एक यंत्र उघडून दाखवले. चिपचे कुलूप त्यांनी तोडलेच नाही. निकाल दाखवणारा भाग बदलून आणि मते साठवणाऱ्या मेमरीला एक छोटे उपकरण लावून आकडे फिरवता येतात, हे त्यांनी दाखवले. ते यंत्र मुंबईच्या जुन्या कस्टम हाऊसमधून गेले होते आणि त्या प्रकरणात हरी प्रसाद यांना अटक झाली. ती यंत्रे जुन्या पिढीची होती. आज व्हीव्हीपॅटची कागदी चिठ्ठी सोबत आहे. पण धडा तोच राहतो : तिजोरी कितीही मजबूत असली, तरी ती ज्या खोलीत आहे तिची राखणही हवी.

२६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकेकडे परतण्याची आणि सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. आपल्या ग्वाल्हेरचे मतदान त्यानंतर अकरा दिवसांनी, ७ मेला झाले. मात्र न्यायालयाने एक दार उघडले. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी केली, तर विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची तपासणी व्हावी. ती करणार यंत्र बनवणाऱ्या कंपनीचेच इंजिनियर. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने आयोगाला सांगितले, की तपासणीत यंत्रातील मूळ नोंदी पुसू नयेत, आणि एका यंत्रामागे चाळीस हजारांचा खर्च फार आहे.

याच काळात महाराष्ट्रातल्या माळशिरस तालुक्यातील मारकडवाडी गावाने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घेऊन पाहायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि बेत रद्द झाला. गावकऱ्यांचा संशय खरा की खोटा, हे त्यामुळे ठरले नाही. संशय मात्र तसाच राहिला.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे आम्हाला यात एक साधी गोष्ट दिसते. तिजोरीला दोन चाव्या असतात, त्या दोघांकडे असतात, आणि तरीही तपासनीस अचानक येऊन रोकड मोजतो. यात कॅशियरवर अविश्वास नसतो, उलट त्याचेच संरक्षण असते. आणि मोजणारा कॅशियर स्वतः नसतो. चिपला कुलूप हवेच, ते उघडे टाका असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण ज्याने कुलूप लावले त्यानेच 'आत सगळे ठीक आहे' असे सांगायचे, ही तपासणी अपुरी आहे. बाहेरचा तपासनीस, नोंदी न पुसता आणि परवडणाऱ्या खर्चात, एवढे झाले तर कुलूपही राहील आणि विश्वासही.

तोवर आपल्या हातात काही आहेच. मतदानापूर्वी एजंटांसमोर किमान पन्नास मतांची चाचणी होते आणि शेवटी पडलेल्या मतांचा हिशोब असलेला १७-सी फॉर्म मिळतो. समाजातील तरुणांनी, पक्ष कोणताही असो, एकदा तरी पोलिंग एजंट म्हणून बसावे आणि तो कागद जपून ठेवून मोजणीच्या आकड्याशी ताडून पाहावा.