खाटेजवळचे तास

एखादा परिचित न्यास परिचर्या महाविद्यालय काढीत आहे, इमारतीस देणगी हवी आहे, असा निरोप आपल्या व्यापारी कुटुंबांना अधूनमधून येतो. मग नकाशा पाहिला जातो, चौरस फुटांचा हिशोब होतो, कोनशिलेवर कोणाचे नाव यायचे तेही ठरते. या मुली शिकणार कोणत्या रुग्णांजवळ, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. माझ्या मते तो पहिला असावा.

राज्यातील परिचर्या पदव्या देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशकात, म्हसरूळला आहे. त्यामुळे हा विषय आपल्या दारातलाच. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगसाठी सत्रपद्धतीचा अभ्यासक्रम आणला. त्यात वर्गातील एक श्रेयांक २० तासांचा, प्रयोगशाळेतील ४० तासांचा, तर रुग्णालयातील ८० तासांचा आहे. वर्गातील उपस्थिती ८० टक्के भरली तरी चालते. प्रत्यक्ष कामाची मात्र पदवीपूर्वी १०० टक्के भरावी लागते. एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण आणि दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक, असे प्रमाण परिषदेने घातले आहे. ६० मुली एकाच वेळी वॉर्डात उतरल्या, तर १८० रुग्ण आणि ६ शिक्षक हवेत. येथे खाटा मोजून भागत नाही. रिकाम्या खाटेवर नाडी पाहता येत नाही.

कॅश क्रेडिट खाते असलेल्या वाचकांना हे लवकर उमगेल. दरमहा स्टॉक स्टेटमेंट बँकेत जाते, आकडे चोख असतात. तरीही बँकेचा अधिकारी अचानक गोदामात येऊन पोती मोजतो. विद्यार्थिनीचे लॉगबुक हे असेच स्टेटमेंट आहे. इतके तास शस्त्रक्रियागृहात, इतक्या प्रसूती केल्या, अशा नोंदी आणि खाली सही. संलग्न रुग्णालयात त्याच वेळी आणखी दोन संस्थांच्या तुकड्या उभ्या असल्या, की एका खाटेभोवती आठ जणी दिसतात. ड्रेसिंग एकीच्या हातून होते आणि नोंद आठ जणींच्या वहीत पडते. तेथे गोदाम मोजायला कोण जातो?

प्रसूतीची अडचण तर आणखी बिकट. शहरातील बाळंतपणे ठिकठिकाणच्या लहान खासगी प्रसूतिगृहांत विखुरलेली असतात आणि तेथे विद्यार्थिनींना सहसा प्रवेश नसतो.

तास भरले म्हणजे शिक्षण झाले, असेही नाही. रात्रपाळीत एका सिस्टरच्या अंगावर सारा वॉर्ड असतो. ती सलाइन बदलील, नातेवाइकांना उत्तरे देईल, की शेजारी उभ्या असलेल्या मुलीला शिकवील? मग ती मुलगी बिनपगारी मदतनीस होते: नमुने पोचव, स्ट्रेचर ढकल, नोंदी उतरव. औषधाची मात्रा काढताना तिचा हात अडखळला, तर थांबवणारे कोणी जवळ नसते. उद्या हीच मुलगी अतिदक्षता विभागात आपल्या वडिलांच्या उशाशी उभी राहणार आहे, हे देणगीदाराने ध्यानात घ्यावे.

आपल्याकडील जुने उदाहरण मला बोलके वाटते. निफाडला जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या पुण्यातील सेवासदनाने स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी थेट ससून रुग्णालयात धाडले. घरंदाज बाईने परक्यांची शुश्रूषा करावी हे लोकांना रुचत नसतानाही संस्थेने रुग्णालयाचा उंबरठा टाळला नाही. केंद्र सरकारनेही २०२३ मध्ये १५७ नवी परिचर्या महाविद्यालये मंजूर करताना ती वैद्यकीय महाविद्यालयांना जोडूनच काढण्याचे ठरवले. रुग्णालय आधी, वर्ग मागाहून, हा क्रम योग्यच आहे. ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी २,३०० तास प्रत्यक्ष कामाचे लागतात. त्यांपैकी ६०० पर्यंत तास कृत्रिम प्रतिकृतींवर भरण्याची मुभा तेथे अलीकडे मिळाली आहे. पुतळ्यावर सुई टोचायला शिकता येते, हे मला मान्य आहे; पण वेदनेने हात मागे घेणारा रुग्ण पुतळ्यात सापडत नाही.

तेव्हा न्यासाची मंडळी घरी आली, की चहा देऊन चार गोष्टी विचाराव्यात. स्वतःचे रुग्णालय आहे काय? तेथे रोज सरासरी किती रुग्ण दाखल असतात? संलग्नतेचा करार कोणाशी आहे आणि त्याच रुग्णालयाचे करार आणखी किती संस्थांशी आहेत? वॉर्डात दिवसभर मुलींबरोबर थांबणाऱ्या ट्यूटरचा पगार कोठून येणार? हा शेवटचा खर्च कोनशिलेवर कोरता येत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाहीत. पाच वर्षे दोन ट्यूटरचे वेतन देणारी ठेव एखाद्या कुटुंबाने ठेवली, तर नव्या मजल्यापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगसाठी कळवण, मालेगावकडे मुली धाडायच्या, तर राहण्याची सुरक्षित सोय आणि जाण्यायेण्यास वाहन लागते. त्या गावांतून आपल्या पेढ्या आहेत, वाडेही आहेत. त्यांतील काही तर वर्षभर कुलूपबंद असतात.