मोडक्या इंजिनाची साक्ष

आगगाडी रुळावरून घसरल्याची वार्ता येते तेव्हा प्रथम मृतांची व जखमींची संख्या विचारली जाते, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर मार्ग केव्हा मोकळा होणार हा प्रश्न निघतो. तोही अस्थानी नव्हे. तिसऱ्या दिवशी गाड्या पूर्ववत धावू लागतात आणि लोक आपापल्या उद्योगाला लागतात. मात्र रुळाशेजारच्या शेतात कलंडून पडलेल्या त्या इंजिनाचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. लोखंडाच्या राशीची एवढी चौकशी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या मते प्रवाशांच्या जीविताशी या प्रश्नाचा फार निकटचा संबंध आहे.

या विषयाशी आमच्या नगराचे एक विलक्षण नाते आहे. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि आज आमच्या स्थानकाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ‘कोल्हापूर’ हे नाव धारण करणारे एक वाफेचे इंजिन विलायतेत आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. १९३४ मध्ये ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यात ते बांधले गेले. ‘ज्युबिली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या वर्गात १९१ इंजिने होती, आणि मुंबई, बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर अशी आपल्याकडील नावेही त्यांतील काहींना दिली होती. ‘कोल्हापूर’ १९६७ मध्ये सेवेतून निवृत्त झाले. त्याच्या बहुतेक भावंडांचे भंगार झाले. ते मात्र बर्मिंगहॅममधील टाइझली येथे जतन करून ठेवण्यात आले.

त्याच वर्गातील ‘विंडवर्ड आयलंड्स’ नावाच्या इंजिनाचे दैव निराळे होते. ८ ऑक्टोबर १९५२ च्या सकाळी लंडननजीकच्या हॅरो स्थानकात एक स्थानिक गाडी उभी होती. पर्थहून येणारी रात्रीची एक्स्प्रेस धोक्याचा सिग्नल ओलांडून तिच्यावर आदळली, आणि त्या भग्नावशेषांवर काही क्षणांतच समोरून येणारी तिसरी गाडी जाऊन धडकली. ११२ माणसे मृत्युमुखी पडली. तिसऱ्या गाडीला जोडलेली दोन्ही इंजिने, म्हणजे ‘विंडवर्ड आयलंड्स’ आणि पुनर्रचना होऊन त्याच वर्षी रुळावर आलेले ‘प्रिन्सेस अ‍ॅन’, मोडीत काढावी लागली. उलट पहिली धडक देणारे ‘सिटी ऑफ ग्लासगो’ दुरुस्त होऊन पुढे १९६३ पर्यंत धावत राहिले.

तथापि आम्हांस महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. पर्थच्या गाडीचा चालक व फायरमन दोघेही ठार झाले होते. सिग्नल का ओलांडला गेला हे सांगण्यास कोणी उरले नव्हते. सिग्नल, यंत्रे व अवशेष यांचीच साक्ष काढावी लागली. तिचा अहवाल १९५३ मध्ये छापून प्रसिद्ध झाला, म्हणून कोणाही नागरिकास तो वाचता आला. चालकाच्या चुकीचे नेमके कारण अखेरपर्यंत उलगडले नाही. पण चूक झालीच तरी गाडी थांबली पाहिजे, हा निष्कर्ष सर्वांपुढे आला आणि चालकाला इशारा देणारी स्वयंचलित यंत्रणा बसविण्याच्या कामाला गती मिळाली.

आता आपल्याकडील रीत पाहावी. इंजिन घसरले की अपघात मदतगाडी येते, जॅक व क्रेन यांच्या साह्याने ते उचलून रुळावर घेतले जाते किंवा बाजूला सारले जाते. पुढे शेडमध्ये वा कारखान्यात त्याची तपासणी होते. सांगाडा पिळवटला नसेल तर दुरुस्ती होते. खर्च परवडणारा नसेल तर इंजिन बाद ठरते. मग मोटारी, कॉम्प्रेसर असे उपयोगी भाग काढून घेतले जातात आणि उरलेले धड लिलावात विकले जाते. यात गैर असे काही नाही. प्रश्न एवढाच, की विकण्यापूर्वी त्याची साक्ष पुरती घेतली गेली का, आणि घेतली असेल तर ती कोणाच्या कानी पडली.

ही साक्ष म्हणजे काव्यकल्पना नव्हे. चाकाच्या आतील बाजूस जी उंच कड असते, तिच्यामुळे चाक रुळावर राहते. चाकावरील भार कमी पडला आणि बाजूचा रेटा वाढला, की ती कड रुळाच्या माथ्यावर चढते व गाडी घसरते. कड किती झिजली होती, दोन चाकांमधील अंतर किती होते, कोणती स्प्रिंग आधीच तुटलेली होती, रुळाचा तुकडा ताजा तुटला की त्याच्या भंगावर जुन्या तड्याचा गंज होता, यांतून अपघाताचे कारण कळते. परंतु एकदा क्रेनचा साखळदंड पडला, की कोणते व्रण अपघाताचे आणि कोणते उचलण्याच्या घाईचे, हे सांगणे कठीण होऊन बसते.

कोल्हापूरच्या वाचकांस हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्या उद्यमनगरातील कोणताही जाणता कारागीर ओतीव भाग तडकला की तो लगेच भट्टीत टाकीत नाही. तो आधी भंगाचा पृष्ठभाग उजेडात धरून पाहतो. दोष वाळूत होता, रसात होता की ओतण्यात होता, हे त्याला तेथे वाचता येते. जे शहाणपण फौंड्रीत आहे, ते रेल्वेसारख्या विशाल खात्यात असू नये काय?

महाराष्ट्राचा अनुभव दूरचा नाही. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे कारवार-मुंबई विशेष गाडी घसरून पन्नासाहून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसवर तोच प्रसंग आला. तेथे कारण डोळ्यांना दिसत होते, म्हणून उपायही सुचले: डोंगरउतार बांधले गेले आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवला जाऊ लागला. परंतु ४ मे २०१४ रोजी नागोठणे व रोहा यांच्या दरम्यान दिवा-सावंतवाडी पॅसेंजर घसरून सुमारे वीस माणसे प्राणास मुकली, तेव्हा ऐन उन्हाळा होता. अशा वेळी कारण रुळात आणि चाकातच शोधावे लागते.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी डिसेंबर २०२२ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात हेच दुखणे आकड्यांनी दाखविले. २०१७-१८ ते २०२०-२१ या चार वर्षांत झालेल्या २१७ गंभीर अपघातांपैकी १६३ गाड्या घसरण्याचे होते. आणि तपासलेल्या प्रकरणांपैकी ६३ टक्के प्रकरणांत चौकशीचे अहवाल ठरलेल्या मुदतीत सादर झालेले नव्हते. मोठ्या अपघातांची चौकशी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीतील रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, ही व्यवस्था स्तुत्य आहे. लहान अपघातांची चौकशी मात्र रेल्वेचेच अधिकारी करतात. तेथे रुळांचे खाते चाकांकडे आणि चाकांचे खाते रुळांकडे बोट दाखविते, हा वाद रेल्वेइतकाच जुना आहे. तो मिटविण्यास अधिकाऱ्यांच्या शब्दापेक्षा राखून ठेवलेल्या वस्तूचा उपयोग अधिक.

मार्ग त्वरेने मोकळा करणे अगत्याचे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. एक मार्ग बंद पडला की शेकडो कोसांवरील रुग्ण, विद्यार्थी, व्यापारी खोळंबतात. मापे घेऊन संयुक्त टिपण करण्याचे नियमही आहेत, आणि आजच्या इंजिनात वेगाची नोंद राखणारे यंत्र असते. पण वेगाची नोंद चाकाच्या झिजेविषयी काही सांगत नाही, आणि घाईत केलेल्या टिपणाची शहानिशा करावयास मूळ वस्तू तरी शिल्लक हवी. संपूर्ण इंजिन वर्षानुवर्षे सांभाळा, असे आमचे म्हणणे नाही. संशयित चाके, स्प्रिंगा व रुळाचे तुकडे तेवढे मोहोरबंद ठेवावेत, आणि चौकशी पुरी होऊन अहवाल स्वीकारला जाईपर्यंत ते विकण्याची मुभा कोणासही असू नये. इंजिन बाद केले तर का केले, याची नोंद त्या अहवालास जोडावी. आणि प्रत्येक अहवाल ठरल्या मुदतीत, त्या प्रदेशाच्या भाषेतील सारांशासह, प्रसिद्ध व्हावा. अहवाल लोकांपुढे ठेवण्याची प्रथा आपल्याकडे अद्याप रुळलेली नाही. ती रुळावर आणण्याचे काम लोकप्रतिनिधींचे आहे.

१९५६ मध्ये अरियलूरच्या भीषण अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या त्यागापुढे आजही मस्तक नमते. परंतु राजीनाम्याने नैतिक ऋण फिटते. अपघाताचे कारण त्याने उमगत नाही. ते शोधण्यास चिकाटी लागते, आणि सापडलेले उघड करण्यास धैर्य लागते.

कोल्हापूर-वैभववाडी लोहमार्गाची आपण सारे वाट पाहत आहोत. सह्याद्रीच्या ज्या अंगावर २००३ ची ती दुर्घटना घडली, त्याच बाजूला आपली मुलेबाळे उद्या गाडीने उतरणार आहेत. त्या मार्गासाठी निधी मागताना, आजवर घसरलेल्या गाड्यांनी काय शिकविले हेही विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. आमच्या नगराचे नाव मिरविणारे इंजिन परक्या देशात लोकांनी जपून ठेवले. आपल्या देशातील मोडक्या इंजिनांचे लोखंड खुशाल विकावे. त्यांची साक्ष तेवढी भंगारात जाऊ देऊ नये.