पहिल्या सिझरचा कागद जपून ठेवा

बाळ जन्मले की थोड्या वेळात वार आपोआप सुटून बाहेर येते. काही जणींची वार मात्र गर्भपिशवीत खोल रुतलेली असते. कधी ती गर्भपिशवी भेदून लघवीच्या पिशवीपर्यंत जाते. अशी वार ओढली की रक्ताच्या धारा लागतात. आईला वाचवायला अनेकदा गर्भपिशवीच काढावी लागते. रक्त वेळेवर मिळाले नाही, तर जीव जातो.

वस्तीत याला नशीब म्हणतात. मला ते पटत नाही. याचे सर्वांत मोठे कारण जुन्या सिझरच्या टाक्यात आहे. त्या व्रणावर पुढच्या खेपेची वार बसली, तर ती आत रुतण्याचा धोका असतो. अमेरिकेतला तीस हजारांहून जास्त सिझरचा अभ्यास २००६ साली छापून आला. ज्यांची वार खाली, पिशवीच्या तोंडावर होती, त्यांच्यात पहिल्या सिझरला १०० पैकी ३ जणींची वार अशी रुतलेली निघाली. दुसऱ्या सिझरला ११ जणींची, तिसऱ्याला ४० जणींची. दोन सिझर झालेल्या सुनेला 'आता एक मुलगा होऊ दे' म्हणणाऱ्यांनी हा आकडा नीट वाचावा.

पिशवी साफ केलेली असणे, पिशवीतल्या गाठीचे ऑपरेशन, पस्तिशीनंतरचे गरोदरपण, यांनीही धोका वाढतो.

सिझर वाईट नाही. गरजेच्या वेळी ते दोन जीव वाचवते, तेव्हा नाही म्हणू नका. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी दवाखान्यांतल्या १०० बाळंतपणांत सुमारे १४ सिझर होती आणि खासगीत ४७. एवढा फरक निव्वळ गरजेचा असेल, असे मला वाटत नाही. म्हणून पहिल्याच सिझरला विचारा, 'का करताय?' कारण डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि तो कागद रेशनकार्डासारखा जपा. पुढच्या गरोदरपणात पहिल्याच तपासणीला तो दाखवा.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत विचारा, 'वार कुठे आहे? जुन्या टाक्यावर आहे का?' उत्तर 'हो' आले, तर घराजवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये नाव घालू नका. रक्तपेढी आणि तज्ज्ञ डॉक्टर असलेले मोठे रुग्णालय गाठा. वार रुतल्याचे आधी कळले, तर दिवस भरण्यापूर्वीच तयारीनिशी ऑपरेशन करतात. गरोदरपणात रक्त गेले, पोट दुखत नसले तरी, लगेच १०८ ला फोन करा.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझर, औषधे, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. हा उपकार नव्हे, हक्क आहे. कोणी पैसे मागितले, तर एकट्या बाईला भांडायला लावू नका. घरातले आणि शेजारचे दोघे-चौघे सोबत जा.