बातमी कंपनीची, वाचायची आपण



मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. कविता लिहितो. मॅट्रिक पास आहे, पुढं शिकलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कॉमर्सवर बोलणारा हा कोण टिकोजीराव, असं कुणी नंतर विचारायला नको.

सुट्टीवर सक्करदऱ्याला घरी आलो होतो. धाकटी बहीण बारावी कॉमर्सला. ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’ मांडीवर घेऊन डोलत होती. फेयोलची १४ तत्त्वं. पाचव्यावर अडकली की पुन्हा पहिल्यापासून. वहीत मात्र एक कात्रण डकवलेलं. म्हणाली, नवीन सर आलेत. पेपर घेऊन येतात वर्गात, कंपनीची ताजी बातमी वाचतात, तिच्यावरून धडा शिकवतात.

कात्रण हल्दीरामचं. २०२५ च्या मार्चअखेरची बातमी : सिंगापूरच्या टेमासेकनं हल्दीरामच्या खाऊ-नमकीनच्या धंद्यात साधारण १० टक्के हिस्सा घेतला, सगळ्या धंद्याची किंमत सुमारे १० अब्ज डॉलर धरून. आपल्या नागपूरचं नाव! वर्गात टाळ्या पडल्या म्हणे.

“दादा, दहा टक्के म्हणजे नेमकं काय इकलं? भिंती, का मशिनी?”

मले सांगता आलं नाही. क्रेनला लटकलेल्या डब्याखालून रोज जातो मी, भीती वाटत नाही. त्या पोरीपुढं मान खाली गेली. रात्रभर तिचं पुस्तक घेऊन बसलो. आणि जे कळलं ते असं : विकल्या त्या भिंती नाहीत. विकला तो पुढच्या सगळ्या नफ्यातला दहावा वाटा. किंमत आज ठरते ती उद्याच्या नफ्यावर. उद्याचा नफा ठरतो उद्याच्या खपावर आणि उद्याच्या मजुरीवर. म्हणजे कोणत्याही कंपनीचं असं मोल ठरतं तेव्हा, जी पोरगी पुढच्या वर्षी पाकिटं भरायला लागणार आहे तिची मजुरी आजच त्या किमतीत धरलेली असते. कमी धरली तर किंमत वर. ती पोरगी टाळ्या वाजवत वर्गातच बसली असेल!

म्हणून हा लेख. सर पेपर आणतात ते बरोबर करतात. माझं भांडण पेपर आणण्याशी नाही. पेपर कोणत्या बाजूनं वाचता, याच्याशी आहे.

आधी आपल्यांशी बोलतो. आपल्यातले काही पोट्टे म्हणतात, “काऊन बे, हे बनियाचं शास्त्र आपल्याले काय करायचं?” अरे, बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला तो काय बनियांसाठी? ज्याला हिशेब येत नाही त्याचा अंगठा सावकार धरतो. बॅलन्स शीट न वाचता मोर्चा काढणारा गेटवर घसा फोडतो आणि आत मॅनेजर चहा पितो.

आता सरांशी. सर, कंपनीची बातमी बहुतेक वेळा कंपनीनंच लिहून दिलेली असते. ती तशीच वर्गात वाचली तर शिक्षण होत नाही, आरती होते. तीच बातमी खालून वाचा. पुस्तकातलं एकेक तत्त्व कसं बोलायला लागतं बघा.

तत्त्व : योग्य मोबदला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांची चित्रफीत देशभर फिरली. आठवड्याला ९० तास काम करा. रविवारी तुम्हाला कामाला लावता येत नाही याची खंत वाटते. गंमत म्हणून हसले लोक. पण २०२३-२४ चा त्यांचा मोबदला ५१ कोटींच्या घरात, म्हणजे कंपनीतल्या मधल्या पगाराच्या ५३४ पट. मधला पगार म्हणजे सगळे पगार चढत्या रांगेत उभे केले की बरोबर मध्ये येतो तो. हा आकडा कुणा लाल झेंडेवाल्यानं काढलेला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यामुळं शेअर बाजारातल्या प्रत्येक कंपनीला तो वार्षिक अहवालात छापावा लागतो. सर, तो अहवाल फुकट मिळतो. आणा वर्गात. भागाकार पोरांना करू द्या.

आणि त्यालाच जोडून दुसरी बातमी वाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. शेजारी फळ्यावर लिहा : १९४६, कारखाना कायद्याची दुरुस्ती, आठवडा ५४ तासांवरून ४८ वर. ते विधेयक आलं तेव्हा मजूर खातं कुणाकडं होतं, हे पोरांना विचारा. आपल्या घरातल्या पोराला भिंतीवरचा फोटो बघून उत्तर देता येईल.

तत्त्व : नियोजन. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. देशातले साठ टक्क्यांहून जास्त विमान प्रवासी नेणाऱ्या इंडिगोकडं पुरेशी माणसं नव्हती. डिसेंबरच्या सुरुवातीला हजारो उड्डाणं रद्द. मथळा काय? प्रवाशांचे हाल. हाल झालेच. पण ५ डिसेंबरला सरकारनं काय केलं? कंपनीला नियमांतून तात्पुरती सूट दिली. चूक नियोजनाची, कापली झोप वैमानिकाची. मक्तेदारी म्हणजे काय, हे याहून सोपं कोणतं गाईड सांगणार?

तत्त्व : श्रम विभागणी. मुंबईच्या गिरण्यांत तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून जास्त पगाराच्या विणाई खात्यात आपल्या माणसाला शिरू देत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपवाल्या पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला. पुस्तकात श्रम विभागणीचे फायदे आहेत. कामाबरोबर माणसंच वाटून टाकली, हे कुठल्या पानावर आहे?

आणि हा टेलर, शास्त्रीय व्यवस्थापनाचा बाप! त्यानंच लिहून ठेवलंय : अमेरिकेत बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात लोखंडाच्या लगडी वाघिणीत भरणारा मजूर दिवसाला साडेबारा टन उचलायचा, टेलरनं साडेसत्तेचाळीस टन उचलायला लावले. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीच्या जराशी वर. आणि असल्या कामाच्या मजुराची बुद्धी त्यानं बैलाच्या पंगतीला बसवली. बहिणीला म्हटलं, हा बैल म्हणजे मी, बरं का. ती हसली नाही.

तत्त्व : अधिकार व जबाबदारी. आमच्या गोदीत चार जण हुकूम सोडतात. ठेकेदार, त्याचा मुकादम, टर्मिनलचा सुपरवायझर, जहाजाचा माणूस. एका दोस्ताची दोन बोटं चिरडली तेव्हा चौघांतला एकही जबाबदार नव्हता. ठेकेदार म्हणाला, याचं तर हजेरीत नावच नाही. फेयोल म्हणतो एका माणसाला एकच साहेब असावा. इथं बोटाला साहेब चार, बोट तुटलं की शून्य.

तत्त्व : सामाजिक जबाबदारी. याला पेपर कशाला, सक्करदऱ्याहून ऑटो पकडा. १ जानेवारी १८७७ ला टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ पासून अपघाताची भरपाई. हे खरं आहे, मान्य करू. पुढं मिल सरकारी महामंडळाकडं गेली, २००२ मध्ये बंद पडली. त्या जागेवर आज एम्प्रेस सिटी मॉल आहे. नाव राहिलं, मिल गेली. पोरांना तिथं घेऊन जा सर, आणि ‘समाजाप्रती जबाबदारी’ हा मुद्दा तिथल्या पायऱ्यांवर शिकवा.

आता आपण काय करायचं? भाषण पुरे. दर रविवारी सकाळी विहारात अकरावी-बारावी कॉमर्सची पोरं-पोरी बसवा. रद्दीवाल्याकडून आठवड्याचे पेपर आणा. एक बातमी, तीन सवाल. पैसा कुठून आला आणि कुठं गेला? राबलं कोण, आणि बातमीत ते दिसतं का? नियम कुणी केला, कुणासाठी वाकवला? सरांनाही बोलवा. येतील. पेपर हातात घेऊन वर्गात शिरणारा माणूस घाबरट नसतो.

आणि परीक्षेत डोकं वापरा. व्याख्या पुस्तकातली जशीच्या तशी लिहा, मार्क घ्या. सोडायचा नाही एकही मार्क. उदाहरण मात्र आपलं लिहा.

गोदीवर परतायच्या दिवशी बहिणीनं वही दाखवली. हल्दीरामच्या कात्रणाखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं : पाकीट भरणारीची मजुरी किती धरली? सरांना विचारणे.

विचार पोरी. उभी राहून विचार.

जयभीम.