शेकडेवारीत आपण नेहमी दुकानदारच का?

एक व्यापारी 800 रुपयांना वस्तू घेतो, 15 टक्के नफ्याने विकतो, तर विक्रीची किंमत काढा. अशी उदाहरणे आपण सगळ्यांनी वह्या भरभरून सोडवली आहेत. माझी तक्रार एवढीच की त्यात आपण कायम गल्ल्यावर बसलेले असतो. रविवारी आउटपास मिळाला की आपण गिऱ्हाईक असतो. खिशात पॉकेटमनीतले उरलेले दोन-तीनशे रुपये असतात, मोबाइल जवळ नसतो, आणि हिशोब डोक्यातच करावा लागतो.

बाजारातल्या पाट्या बघा. ‘50 टक्के अधिक 20 टक्के सूट’ वाचून बरेच जण 70 टक्के धरतात. 1000 रुपयांचा ट्रॅकसूट आधी 500 चा होतो. पुढचे 20 टक्के या 500 वर, म्हणजे 100 रुपये. द्यायचे 400, एकूण सूट 60 टक्के. दुकानदार खोटे बोललेला नाही. दुसरी टक्केवारी कशावर काढायची, एवढेच त्याने पाटीवर लिहिलेले नाही.

पुड्यावरचे ‘25 टक्के जास्त’ हेही तसेच. 100 ग्रॅमच्या पैशात 125 ग्रॅम मिळाले, तर ग्रॅममागे भाव 20 टक्क्यांनीच उतरला. शेजारी तेवढ्याच भावाच्या दुसऱ्या पुड्यावर सरळ 22 टक्के सूट असेल तर तो घ्यावा. (दोन्ही घेणारे वीर आमच्या डॉर्मिटरीत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख नाही.)

22 सप्टेंबर 2025 पासून टूथपेस्ट, अंगाचा साबण, शाम्पू, बिस्किटे यांच्यावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला. मग या वस्तू 13 टक्के स्वस्त व्हायला हव्यात, असे कोणालाही वाटेल. पण कर मूळ किमतीवर लागतो. 100 रुपयांची वस्तू करासह 118 ला मिळत होती, पूर्ण कपात आपल्यापर्यंत पोचली तर ती 105 ला मिळेल. 118 मधले 13 रुपये वाचले, म्हणजे साधारण 11 टक्के. आणि एमआरपीत सगळे कर आधीच धरलेले असतात, तेव्हा त्यावर कोणी वेगळा जीएसटी लावला तर नम्रपणे पण ठामपणे विचारावे. परमुलखात भाषा अडते, पण आकडे दाखवता येतात.

दोन-चार रुपयांसाठी एवढे डोके कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्यातल्या अनेकांचे वडील जवान किंवा जेसीओ आहेत, घरचा महिना ते मोजून काढतात. महिन्याच्या वीस तारखेला ज्याचे पैसे संपतात, तो उसने मागतो, आणि उसन्यावरून मैत्री बिघडलेली मी पाहिली आहे. 40 टक्के सूट दिसली म्हणून यादीत नसलेले बूट घेतले, तर ‘वाचवलेल्या’ पैशांचा कोणताही हिशोब लागत नाही.

डोक्यात टक्के काढणे अवघडही नाही. दहा टक्के म्हणजे दशांश चिन्ह एक घर डावीकडे, त्याचे निम्मे पाच टक्के. 350 चे 15 टक्के म्हणजे 35 आणि साडेसतरा, साडेबावन्न. शिवाय 18 चे 50 टक्के आणि 50 चे 18 टक्के एकच, जे सोपे वाटेल ते काढावे.

गणिताच्या सरांना माझी विनंती आहे की महिन्यातून एक तास पुस्तक बाजूला ठेवून कॅन्टीनची आणि बाजारातली खरी बिले वर्गात आणू द्यावीत. बोर्डाच्या परीक्षेत हे येत नाही, हे मान्य. पालकांनीही पॉकेटमनी पाठवताना मागच्या महिन्याचा हिशोब मागावा. पहिले दोन महिने मुले कुरकुर करतील, मीही करीन. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जाताना आगगाडीत चहासाठी कोणाकडे हात पसरावा लागणार नाही, एवढे नक्की.