सोनौलीच्या अलीकडे

यंदा ज्येष्ठ अधिक आहे. मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत खानदेशातून यात्रांच्या गाड्या निघतील आणि त्याआधी आमच्या पारोळ्याच्या दवाखान्यात रुग्णांबरोबर कागदही येऊ लागतील. छापील अर्ज असतो, नाव-वय भरलेले असते, आणि खाली एक ओळ: सदर व्यक्ती प्रवासास योग्य आहे. डॉक्टरांनी तेवढी सही आणि शिक्का द्यायचा. बाहेर रिक्षा थांबलेली असते.

तीन वर्षांपूर्वीच्या अधिक श्रावणात अशीच एक सही मी केली होती. अर्जदार जिजी, वय ६६, रक्तदाबाची जुनी रुग्ण, गुडघे दुखतात, वजन थोडे जास्त. रेल्वेने प्रयागराज, तिथून बसने अयोध्या, गोरखपूर, सोनौलीची सीमा, लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू असा कार्यक्रम. मी रक्तदाब मोजला, छाती तपासली, सही केली. सगळे मिळून चार मिनिटे लागली असतील. “माले काय व्हस?” म्हणत जिजी हसत बाहेर पडल्या.

परतल्यावर त्या आल्या तेव्हा डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच जाड होती, त्वचा ताणलेली आणि गरम. जळगावला पाठवून कलर डॉप्लर करून घेतला. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होती. तीन महिने रक्त पातळ ठेवणारी औषधे घ्यावी लागली. जिजी बऱ्या झाल्या. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती, तर हा लेख मी लिहिला नसता असे नाही. पण फार वेगळा लिहिला असता.

नंतर मी त्यांना प्रवास तासातासाने सांगायला लावला, आणि तेव्हा उलगडा झाला. गोरखपूर सोडल्यानंतर सीमेच्या अलीकडे वाहनांची रांग लागली होती. गाडीच्या नोंदी, परवाने, मतदार ओळखपत्रांची तपासणी, यांत बस तासन् तास मुंगीच्या पावलाने सरकत राहिली. उतरायचे तर गाडी पुढे निघेल ही धास्ती, आणि उतरून जायचे तरी कुठे? स्वच्छतागृह नाही म्हणून जिजींनी पहाटेपासून पाणी बंद केले होते. त्यांच्याबरोबरच्या बहुतेक बायकांनी तेच केले होते. पायाखाली शिध्याच्या पिशव्या, त्यामुळे गुडघे वर आणि मुडपलेले. सीमा ओलांडून बुटवलला पोहोचताच सपाटी संपते आणि पाल्प्याच्या डोंगरांतून पोखऱ्याची वाट सुरू होते. सोनौलीपासून पोखरा सुमारे १८० किलोमीटर. आपल्या रस्त्यांच्या हिशेबाने चार तास वाटतात, तिथे दिवस मोडतो. आपल्याला घाट म्हणजे कन्नडचा घाट. पोटात ढवळायला लागते न लागते तोच तो संपतो. तो घाट दिवसभर संपलाच नाही, तर कसे होईल, याची कल्पना पारोळ्यात बसून येत नाही.

वळणांवर ओकारी होऊ नये म्हणून शेजारणीने दिलेली गोळी जिजींनी घेतली आणि त्या गाढ झोपल्या, म्हणजे पायांची उरलीसुरली हालचालही थांबली. पोखऱ्याला पाय जड वाटू लागला. नाना, म्हणजे त्यांचे यजमान, यांनी प्रेमाने रात्री तेल लावून पोटरी चांगली रगडली. गुठळी असलेला पाय रगडणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला होते, पण मी सांगितले नव्हते.

बैठ्या प्रवासाचा हा धोका केवळ बसचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर अशा गुठळीची शक्यता सुमारे दुप्पट होते. धडधाकट माणसाच्या बाबतीत ती मुळातच फार कमी असते. लांबच्या विमानप्रवासात सहा हजारांमागे एक, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून घाबरून घरी बसण्याचे कारण नाही. मात्र वय, स्थूलपणा, अलीकडची शस्त्रक्रिया, कर्करोग, पूर्वी झालेली गुठळी, गर्भनिरोधक गोळ्या, बाळंतपणानंतरचे काही आठवडे, यांपैकी काही असेल तर हिशेब बदलतो. जिजींच्या अर्जावर सही करताना यांतले मी काहीही विचारले नव्हते.

आता विचारतो, आणि सर्वांत आधी पाण्याचे विचारतो. प्रवासात पाणी न पिण्याची सवय आपल्या घरांतील बायकांनी नाइलाजाने लावून घेतली आहे. तिला दोष देऊन उपयोग नाही, सोय करावी लागते. दर दोन तासांनी थांबा हवा, हे यात्रा ठरवतानाच, पैसे भरण्यापूर्वी, आयोजकांकडून कबूल करून घ्यावे. पुरुष रस्त्याच्या कडेला मोकळे होतात म्हणून त्यांना हा मुद्दा कधी सुचत नाही. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल, तर ती परस्पर बंद करू नये. निघण्यापूर्वी तिची वेळ किंवा मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. अनेक जण ती गोळी प्रवासात गुपचूप टाळतात आणि चौथ्या दिवशी पाय सुजले, धाप लागली, म्हणून घाबरतात. बसल्या जागी टाचा व चवडे आळीपाळीने उचलावेत, पायाखालचे सामान हलवायला लावावे. ओकारीची गोळी वळणे सुरू होण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते, ओकारी सुरू झाल्यावर नव्हे. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असलेल्या वृद्धांनी ती शेजाऱ्याच्या डबीतून मुळीच घेऊ नये. इन्शुलिन डिकीतल्या बॅगेत ठेवू नये; मैदानात ते तापते आणि वर गेल्यावर गोठू शकते. गोठलेले इन्शुलिन पुन्हा वितळले तरी निकामीच. ते अंगाजवळच्या पिशवीत असावे.

जिजींची तुकडी मुक्तिनाथला पोहोचलीच नाही. पोखऱ्याच्या पुढे दरड कोसळली होती. दोन दिवस वाट पाहून सर्व जण चरफडत परतले. त्या दरडीचे मी मनातल्या मनात अनेकदा आभार मानले आहेत. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास, पोखरा आठशेच्या आसपास, आणि मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर. तिथे हवेचा दाब, आणि म्हणून श्वासागणिक मिळणारा प्राणवायू, समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशांहूनही किंचित कमी असतो. पूर्वी लोक कालीगंडकीच्या काठाने दिवसेंदिवस चालत जात, तेव्हा शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळे. आता जीप थेट वर नेते. अडीच हजार मीटरच्या वर डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे ही शरीराची पहिली तक्रार असते. ती ‘पित्त झाले’ म्हणून उडवून लावू नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, तर औषध शोधत न बसता त्या माणसाला ताबडतोब खाली आणावे, रात्र असली तरी. जोमसोमला, साधारण २,७०० मीटरवर, एक मुक्काम केला तर पुष्कळ फरक पडतो. उंचीच्या त्रासावर गोळी आहे; पण ती प्रत्येकाला चालत नाही, सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. आणि मुक्तिनाथच्या १०८ धारांखालून धावत जाण्याची जी प्रथा आहे, ती हृदयविकार असलेल्यांसाठी नाही. त्या बर्फगार पाण्याने रक्तवाहिन्या एकाएकी आकसतात, रक्तदाब उसळतो. डोळ्यांना चार थेंब लावले तरी देव रागावत नाही, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो. धर्मशास्त्राचा माझा अभ्यास नाही, हृदयाचा थोडाफार आहे.

हे सारे एका बाजूला आणि चालकाची झोप दुसऱ्या बाजूला. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्याङ्दी नदीकाठी कोसळली आणि २७ जण गेले. यात्रेकरू आपल्या जळगाव जिल्ह्यातले, भुसावळजवळच्या वरणगाव परिसरातले होते. त्या दुर्घटनेच्या कारणांवर दवाखान्यात बसून बोलणे मला शोभणार नाही. पण डोंगरातील पावसाळी रस्त्यांविषयी वैद्य म्हणून एक गोष्ट सांगण्याचा हक्क आहे. पहाटे दोन ते पाच हा काळ असा, की निर्व्यसनी, अनुभवी माणसाचाही मेंदू त्या वेळी काही सेकंद डोळे उघडे ठेवून झोपू शकतो. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या आपल्या कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. सीमेवर रांगेत घालवलेले तासही चालकाच्या अंगावर चढलेलेच असतात. रात्री घाटातून गाडी न्यायची नाही, हे एकट्या यात्रेकरूने म्हटले तर कोणी ऐकत नाही. चाळीस जणांनी म्हटले तर ऐकावे लागते.

मागच्या आठवड्यात जिजी पुन्हा आल्या. हातात अर्ज होता, या वेळी नवा, रंगीत छपाईचा. मुक्तिनाथ राहून गेला आहे आणि पुढचा अधिक महिना कोणी पाहिला आहे, हे त्यांचे म्हणणे. मी सही केली नाही, नाहीही म्हटले नाही. एकदा गुठळी झालेल्या माणसाच्या बाबतीत जळगावच्या तज्ज्ञांना विचारल्यावाचून मी निर्णय देणार नव्हतो. ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्याही लिहून दिल्या. थांबे किती, रात्रीचा प्रवास आहे का, जोमसोमला मुक्काम आहे का, हे आयोजकांना विचारून यायला नानांना सांगितले. नाना म्हणाले, डॉक्टरसाहेब, मागच्या वेळी एवढे काही लागले नव्हते.

अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे. जिजी सोमवारी येणार आहेत.